पांडेजींची चौथ

खेड्यातल्या सरकारी शाळेत मास्तराचं पहिलं काम शिकवणं नसे, मुलं जमवणं असे. ट्रेनिंगमध्ये आम्हाला धडा कसा घ्यावा, फळ्यावर अक्षर कसं काढावं, नकाशा कुठे टांगावा हे सगळं शिकवलं होतं. पण ज्वारीच्या शेतात माचावर बसून पाखरं हाकणारा मुलगा खाली कसा उतरवावा, हे कोणी सांगितलं नव्हतं. ते मी निबौरीला जाऊन शिकलो.

आमचं घर लष्कर शहरात, जयेंद्रगंज पेठेत. आजोबा सरकारी पागेत स्वार होते, वडील पागेतच कारकून, आणि माझ्या वाट्याला घोडाही आला नाही आणि पागाही. व्हर्नाक्युलर फायनल झालो, ट्रेनिंग केलं, आणि पहिलं महायुद्ध संपून थोडे दिवस झाले असताना दरबारच्या शिक्षणखात्याने मला सांक नदीकाठच्या निबौरी गावी नवी प्राथमिक शाळा उघडायला पाठवलं. लोक तेव्हा तिला मदरसा म्हणत. छोट्या आगगाडीने निम्मी वाट, पुढे बैलगाडी, आणि भाद्रपदात नाल्याला पाणी असलं की तीही नाही.

मी मराठी, म्हणून गावाने मला ‘दक्खिनी मास्साब’ हे नाव दिलं. माझं खरं नाव शेवटपर्यंत फार थोड्यांना ठाऊक होतं. मास्साब म्हणजे शाळेचा झाडूवालाही तोच, शाई करणाराही तोच, आणि संध्याकाळी गावाची पत्रं वाचून दाखवणाराही तोच. मुलगा मागायला दारोदार फिरलो तेव्हा एकेक नग भेटले. एक बाई म्हणाली, मुलगा पाठवते, पण त्याच्याबरोबर बकरीही शाळेत बसेल. आणि बकरी खरोखरच वर्षभर बसली, मुलापेक्षा नियमाने. एका गुजर आजोबांनी नातवाला माझ्या हवाली करताना अट घातली. “मास्साब, इतेक पढ़ाय दियो कि सम्मन बाँच ले. इतेक मत पढ़इयो कि खेत छोड़ कें भाग जाय.” शिक्षणाचं ध्येय इतक्या थोडक्यात मला खात्यातल्या कोणीही सांगितलं नाही.

पण माझी खरी अडचण बकरी किंवा गुजर आजोबा नव्हते. निबौरीत शाळा आधीपासूनच होती.

ती हरप्रसाद पांडे यांच्या घराच्या पौरीत भरत असे. पौर म्हणजे दाराच्या आतली सोप्यासारखी जागा. अशा शाळेला तिकडे चटसाल म्हणतात. पांडेजी तेव्हा साठीच्या पुढे गेलेले, एका डोळ्यात फूल पडलेलं, आवाज मात्र खणखणीत. मुलं काजळीने काळ्या केलेल्या लाकडी पाट्यांवर खडूच्या पाण्यात बुडवलेल्या बोरूने लिहीत. मी पहिल्यांदा तिथून गेलो तेव्हा आतून पाढ्यांचा घोष चालला होता. पौवा, अद्धा, सवैया. रस्त्यातच थांबलो. आपली पावकी, निमकी, सवायकीच ती, फक्त चाल निराळी. लहानपणी आमच्या आळीत पंतोजींपुढे बसून मी हेच घोकलं होतं.

पांडेजी बाहेर आले. मी सांगितलं की सरकारने मला इथे शाळा उघडायला पाठवलं आहे. वाटलं होतं, म्हातारा चिडेल. ते ओट्यावर बसले, मला बसवलं, आत वळून बायकोला, पांडाइनना, गूळपाणी आणायला सांगितलं, आणि थोडा विचार करून म्हणाले, “सबेरे हमाए, दुपहर पीछें तुम्हाए. लड़का तो गाँव कौ है, मास्साब. हमाओ-तुम्हाओ का?”

आणि तसंच झालं. सकाळी पोरं त्यांच्या पौरीत पाढे म्हणत, जेवून माझ्याकडे येत. मी त्यांना सरकारी पुस्तक, भूगोल, कवाईत शिकवी. ज्या घरांनी मला दारातून परत पाठवलं होतं, त्या घरांत पांडेजी स्वतः गेले. त्यांच्या शब्दावर मुलं आली. माझी हाजिरी त्यांनी भरली. पहिल्या वर्षाच्या अखेरीला इन्स्पेक्टरसाहेब मुआइन्याला, म्हणजे तपासणीला आले. मुलांनी तोंडी हिशेब झरझर सांगितले तेव्हा साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी ती थोपटू दिली. हे सगळं पांडेजींच्या पौरीतून आलं आहे हे एक वाक्य तेव्हा बोललो असतो तर पुढलं पुष्कळ टळलं असतं.

इथे मला पांडेजींच्या उदरनिर्वाहाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळं त्यावर येऊन ठरतं. चटसालीला फी नसे. मुलं अधूनमधून मूठभर शिधा आणत, पण त्यावर घर चालत नाही. पांडेजींना वर्षाचं धान्य मिळे ते भाद्रपदातल्या गणेशचौथीला. तिकडे तिला डंडाचौथ म्हणतात. त्या दिवशी चटसालीतली मुलं नवे कपडे घालून, डोळ्यांत काजळ घालून, हातात रंगवलेले दोन दोन दांडे घेऊन निघतात. दांडे वाजवत, गाणी म्हणत दारोदार जातात. मागे गुरू चालतो. प्रत्येक घर गुरूला धान्य देतं, गूळ देतं, ज्या घरचा मुलगा असेल ते घर त्याला साफा, म्हणजे फेटा, बांधतं. मागणं नाही, मोजणं नाही. मुलं ज्याच्यापुढे दांडे वाजवत चालली तो गावाचा गुरू, आणि गावाने त्याला वर्षभर जगवायचं. पहिल्या वर्षी मी ही मिरवणूक शाळेच्या दारातून पाहिली. कौतुक वाटलं, आणि आतून थोडं खटकलंही. पगार सरकार मला देत होतं, पण गुरू ते होते.

दुसऱ्या वर्षी शेजारच्या गावातली शाळा पट भरत नाही म्हणून बंद झाली आणि तिथल्या मास्तराची बदली दूर श्योपूरच्या जंगलात झाली. आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती. बायको, सुमती, नुकतीच सासरी आलेली, जयेंद्रगंजच्या घरात एकटी तिचं करत होती. निबौरीहून मला महिन्यातून एकदा तरी घरी जाता येत होतं. श्योपूर म्हणजे वर्षाची दिवाळीसुद्धा बाहेर. साहेबांनी तपासणीत बजावलं होतं की शाळा अर्ध्या दिवसाची दिसते, सकाळी मुलं कुठे असतात, हे असं चालणार नाही. शाळा कायम करायची की उठवायची याचा निकाल लवकरच लागणार होता. मी घाबरलो होतो. हे लिहितो ते सबब म्हणून नाही, तेव्हा डोक्यात काय होतं ते कळावं म्हणून.

त्याच सुमारास साहेबांचा निरोप आला. ते लष्करातलेच, आपलेच मराठी. चतुर्थीला त्यांचा दौरा आमच्या बाजूला पडत होता, आणि सणाच्या दिवशी घरचा गणपती चुकणार म्हणून ते हळहळत होते. मला वाटलं, देवानेच वाट दाखवली. शाळेत गणपती बसवायचा. त्या भागात मूर्ती आणून पूजण्याची चाल नव्हती, त्यांची चौथ दांड्यांची. साहेब आरतीला येतील, मुलं श्लोक म्हणतील, गाव पाहील, शाळा कायम होईल. लष्करच्या बाजारातून शाडूची वीतभर मूर्ती घेतली. सुमतीने मोदकांसाठी तांदळाची पिठी, पत्री, कापूर, सगळं बांधून दिलं. छोट्या गाडीत मूर्ती मांडीवर घेऊन बसलो तेव्हा माझ्या मनात खरोखर भक्ती होती. पांडेजींचा विचार मनात आला नव्हता असं मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो. तो आला होता. मूर्तीला धक्का लागू नये म्हणून हात धरावा तसा मी तो बाजूला धरून ठेवला होता.

आदल्या संध्याकाळी पांडेजी शाळेत आले. मी पोरांना घेऊन मखर करत होतो. त्यांनी मूर्तीला हात जोडले, बराच वेळ पाहिलं, सुंदर आहे म्हणाले. मग दाराशी जाऊन, जसं काही सहज आठवलं, तसं विचारलं, “मास्साब, कल लड़कन कों कब छोड़ोगे?”

मी सांगितलं, दुपारच्या आत. साहेब सकाळीच येणार आहेत, आरती झाली की पोरं तुमची.

“बस,” ते म्हणाले. “हमाई तो साल में एकई चौथ है.”

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतिष्ठापना झाली. सगळी मुलं आली होती, नव्या कपड्यांत, काजळ घालून. माझ्यासाठी नव्हे, त्यांच्या चौथीसाठी. साहेब आले नाहीत. नाल्याला पाणी चढलं होतं आणि त्यांची गाडी पलीकडे अडकली होती, हे मला उशिरा कळलं. दुपार झाली. पांडेजी आले आणि शाळेसमोर उभे राहिले. धुतलेलं धोतर, खांद्यावर जुनं पण नीट घडी केलेलं उपरणं. डोकं उघडं, कारण साफा त्या दिवशी दारोदार बांधला जायचा होता. मी बाहेर जाऊन म्हणालो, थोडं थांबा, साहेब येतीलच. ते थांबले. मी आत येऊन मुलांना पुन्हा श्लोक म्हणायला लावले. ऊन कलायला लागलं. एकदा वाटलं, सोडावं. मुलं दांडे वाजवून तासाभरात परत येतील. पण साहेब नेमके तेव्हाच आले तर शाळा रिकामी दिसेल. मी दाराकडे पाठ केली.

वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. चौथीचा चंद्र पाहू नये हे आपल्यात जसं, तसंच त्यांच्यात. पाहिला तर खोटा आळ येतो. म्हणून त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत लोक दारं लावून घेतात, कोणी अंगणात येत नाही. डंडाचौथ दिवसाच व्हायला हवी. हे मला ठाऊक होतं.

साहेब आले तेव्हा दिवेलागण झाली होती. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं, पण चेहऱ्यावर आनंद. उपाशी होते बिचारे. आरती झाली. परक्या मुलखात मुलांच्या तोंडून मराठी आरती ऐकून साहेबांचे डोळे भरून आले. सगळा वर्ग एका सुरात उभा होता, एकही जागा रिकामी नव्हती. शाळा कायम झाली हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

मग ते बाहेर आले आणि भिंतीला टेकून उभे असलेले पांडेजी त्यांना दिसले. त्यांनी मला मराठीत विचारलं, “हे कोण, मास्तर?”

“गावातले एक म्हातारे गृहस्थ आहेत, साहेब,” मी म्हणालो. “दर्शनाला आलेत.”

पांडेजींना मराठी येत नव्हतं. पण ‘दर्शन’ कळायला मराठी यावं लागत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी मोठ्या प्रेमाने एक मोदक उचलून त्यांच्यापुढे धरला, “लो बाबा, प्रसाद लो,” आणि पांडेजींनी दोन्ही हात पुढे करून तो घेतला, कपाळाला लावला, आणि मान खाली घालून, वर आभाळाकडे न पाहता, घराकडे गेले. बाकी दारं तोवर बंद झाली होती.

सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. म्हणालो, काल फार चुकलं, आज मुलं पाठवतो, आज फिरा. ते पौरीत बसले होते. पांडाइन आतल्या दाराआड उभ्या होत्या, त्यांचा पदर तेवढा दिसत होता. पांडेजींच्या आवाजात राग नव्हता. “चौथ कों गुरु द्वारे पै जाय तो दच्छिना है, मास्साब. पाँचें कों जाय तो भीख.”

गणपती विसर्जन करून मी घरी गेलो तेव्हा सुमतीला हे सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “अहो, पण दिवसभर त्यांना आत बोलावून बसवलंत की नाही?” मी नाही म्हणालो. ती स्वयंपाकघरात निघून गेली. ते दार ओलांडून पांडेजींना आत बसायला सांगावं, साहेबांपुढे त्यांना नाव घेऊन उभं करावं, एवढंही मला सुचलं नव्हतं. की सुचलं होतं?

गावाने काही बोलून दाखवलं नाही. पण चौथीला मुलं कोणाजवळ उभी राहिली हे सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्यांच्या रीतीप्रमाणे त्यातच निकाल होता. दसऱ्यानंतर एकेक मुलगा सकाळचाही माझ्याकडे यायला लागला. मी नको म्हणालो नाही. दोन वेळची शाळा खात्याला हवीच होती. कार्तिकात पौरीतले पाढे थांबले. काही घरांनी पांडेजींकडे धान्य पाठवलं, ते त्यांनी परत केलं. कडाक्याच्या थंडीत नवराबायको नदीपलीकडे मुलीच्या गावी गेली. मुलगा नव्हता त्यांना. ज्यांना तिकडची रीत ठाऊक नाही त्यांना ही साधी गोष्ट वाटेल. तिथे बाप मुलीच्या सासरी पाणीही पीत नाही. तो गेला म्हणजे त्याच्यापुढे दुसरा रस्ता उरला नव्हता.

माझी शाळा वाढली. साहेबांनी शेरा चांगला दिला, इमारत मंजूर झाली, गावाने दगड दिला, पौर असलेल्या मोठ्या घरांनी बैल दिले. दुसरा मास्तर आला, तिसरी-चौथीचे वर्ग निघाले. पुढे मुलीही बसायला लागल्या. इमारतीच्या मंजुरीसाठी जी हकिकत पाठवायची होती तीत मी लिहिलं, या गावी यापूर्वी शिक्षणाची कोणतीही सोय नव्हती. कोणी असं लिहायला सांगितलं नव्हतं. नवी शाळा मागताना असं लिहितात म्हणून लिहिलं.

वर्षभराने मी पांडेजींना भेटायला गेलो. ते मुलीच्या घरात राहत नव्हते. गावाच्या वेशीबाहेर एक मढिया, म्हणजे लहानसं देऊळ होतं, तिथे नवराबायको राहत, परगावच्या वाटसरूंनी देवापुढे ठेवलेल्या चढाव्यावर आणि स्वतः राखलेल्या भाजीपाल्यावर. मला पाहून पांडेजी उठले, आसन टाकलं. एकेका मुलाचं नाव घेऊन चौकशी केली. मी म्हणालो, परत चला, मी खात्याला लिहून तुम्हाला शाळेत घ्यायला लावतो. ते हसले. ट्रेनिंगचा दाखला कुठला आणणार, म्हणाले. खरं म्हणजे मी लिहून पाहायला हवं होतं. विचारून आलो आणि लिहिलं नाही.

निदान इथे दोनचार मुलं का जमवत नाही, असं मी विचारलं. इथेही मुलं आहेतच. पांडेजींनी मान हलवली.

“जे पूरो गाँव हमाई बेटी कौ सासरो है, मास्साब. इहाँ काऊ सें कछू लै नाहीं सकत. और बिना दच्छिना पढ़ाओ तो बिद्या फलै नाहीं.”

म्हणजे मी त्यांची एक चौथ नव्हती घेतली. त्यांचं शिकवणंच कायमचं थांबवलं होतं. पुढच्या पावसाळ्यात ते वारले. डाक घेऊन येणाऱ्या हरकाऱ्याने इतर बातम्यांबरोबर ही बातमी सांगितली. मी त्या दिवशी शाळेला सुट्टी दिली. कारण विचारलं तेव्हा मुलांना म्हणालो, पाऊस फार आहे.

त्यानंतर मी भिंड, मोरेना, मुरार अशा कितीतरी शाळांत काम केलं, हेडमास्तर होऊन निवृत्त झालो. संस्थान गेलं, राज्य गेलं. निबौरीची शाळा माध्यमिक झाली, आणि परवा तिला पन्नास वर्षं झाली म्हणून गावाने मला बोलावलं. समारंभाच्या पुस्तिकेत शाळेचा इतिहास होता. दक्खिनी मास्साब येण्यापूर्वी गावात विद्येचा अंधार होता, असं त्यात पहिल्याच ओळीत छापलेलं. माझंच वाक्य, नटवून. दर्शनी भिंतीवर दगडी फरशी, संस्थापक म्हणून माझं नाव.

मी माईकवर उभा राहून जे इथे लिहिलं आहे ते थोडक्यात सांगितलं. शाळा मी सुरू केली नाही, मी एक शाळा बंद पाडली, असं म्हणालो. टाळ्या पडल्या. सूत्रसंचालक म्हणाले, बघा, थोर माणसं अशी नम्र असतात. फरशीचं बोललो तर अध्यक्ष म्हणाले, आता बसवून झाली आहे, मास्साब, शोभा राहू द्या.

जेवणं उरकल्यावर शाळेच्या मागच्या बाजूला एक म्हातारा माझ्याजवळ येऊन बसला. कल्याणसिंह. त्या चौथीला दुसरीत होता. मी ओळखलं नव्हतं, त्यानेच ओळख दिली. हातात विझवलेली विडी होती. मग म्हणाला, “मास्साब, आपने जो बोला, सच बोला. हमें मालूम है. हम तो भीतर बैठे थे, डंडा जाँघ के नीचे दबाए. सब बैठे थे. पांडेजी खिड़की में से दिखते थे.”

मी विचारलं, मग इतकी वर्षं कोणी बोललं कसं नाही? त्या दिवशी तरी एकाने विचारायचं, सोडा म्हणून.

त्याने माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. “पानी पीने तो आपसे पूछ के जाते थे, मास्साब. यह कैसे पूछते?”

मग तो उठला, वाकून माझ्या पायांना हात लावला आणि गेला. मला पाय मागे घेता आले नाहीत.

निबौरीतली पहिली शाळा हरप्रसाद पांडे यांच्या पौरीत भरत होती. ती चांगली शाळा होती, आणि ती माझ्यामुळे बंद पडली. हे मला विचारणारं आता कोणी नाही, म्हणून न विचारता सांगितलं.